मंदगतीचा अर्थ

यंत्र बंद पडले की त्याची चौकशी सोपी असते. ते केव्हा बंद पडले हे सांगता येते, त्या वेळी काय चालले होते हे आठवता येते, आणि कारागीर येईपर्यंत त्यावर कापड टाकून घरातील माणसे आपापल्या कामाला लागू शकतात. यंत्र मंदावते तेव्हा ही सोय राहत नाही. ते चालू असते आणि तरीही पूर्वीसारखे नसते. शिवाय पूर्वीसारखे म्हणजे नेमके कसे, याविषयी घरातील प्रत्येकाची आठवण निराळी असते. त्यामुळे मंदावलेल्या यंत्राची चौकशी पाहता पाहता माणसांची चौकशी होऊन बसते. झाशीतील एका मराठी घरात २०२४ च्या मे महिन्यात असेच घडले. निमित्त होते एका चौदा वर्षांच्या मुलाच्या संगणकावरील खेळाचे. म्हणजे ज्याकडे वडीलधाऱ्यांनी लक्ष देऊ नये अशीच ती बाब होती.

हे घर खंडेराव दरवाज्याच्या आतल्या एका गल्लीत आहे. १७४२ मध्ये नारोशंकर सुभेदार म्हणून झाशीस आला, त्यानंतर दक्षिणेतून जी कारकुनी आणि भिक्षुकी घराणी येथे येऊन राहिली त्यांपैकी आपले एक, असे या घरात परंपरेने सांगतात. आता घरात सहा माणसे आहेत. आजोबा रेल्वेच्या झाशी येथील वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. वर्कशॉप १८९५ चे, मालडब्यांच्या दुरुस्तीचे. आजीचे माहेर ग्वाल्हेरचे. मुलगा एका कचेरीत नोकरीस. सून कानपूरची, तिला मराठी समजते, पण ती बोलते हिंदी. नातू आठवी पार करून नववीत गेलेला आणि नात नऊ वर्षांची. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, गल्लीत बुंदेली, आणि स्वयंपाकघरात आईची हिंदी, अशी मुलांच्या दिवसाची वाटणी झालेली आहे. आजोबा त्यांच्याशी मराठीत बोलतात. मुले त्यांना उत्तर हिंदीत देतात. ही व्यवस्था इतकी जुनी आहे की तिच्याविषयी कोणी तक्रार करीत नाही.

मुलाचा संगणक आतल्या खोलीत असतो. पाच वर्षांपूर्वी शिक्षणासाठी म्हणून तो घेतला, आणि शिक्षणाबरोबर त्यावर खेळही आला. दोन-दोन मोटारींच्या दोन बाजू करून मोठ्या चेंडूने फुटबॉल खेळण्याचा तो खेळ. मोटारी भिंतीवर चढतात, हवेत उडतात आणि चेंडू गोलात ढकलतात. मुलाच्या बाजूची दुसरी मोटार पुण्याहून चालते. ती त्याच्या आतेभावाची. रोज रात्री साडेआठ ते साडेनऊ दोघे कानावर हेडफोन चढवून, दारे लावून, आपापल्या शहरांत बसून खेळतात. आजोबांच्या लेखी हा वेळेचा अपव्यय होता. एरवी बोलके असलेले पोर तासभर दाराआड एकटेच पुटपुटत असते, एवढेच त्यांना ठाऊक होते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री हा खेळ मंदावला. पडद्यावरील चलनवलन हे चलत्‌चित्रपटाप्रमाणेच सुट्या स्थिरचित्रांचे बनलेले असते. या चित्रांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला साठ फ्रेम पडद्यावर आल्या तर डोळ्यांस गती अखंड वाटते. प्रत्येक फ्रेम तयार करण्यास यंत्राला अशा वेळी सुमारे सतरा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात मोटारीचे स्थान, चेंडूची दिशा, प्रकाश आणि सावल्या यांचे सारे गणित उरकावे लागते. मुलाच्या पडद्याच्या कोपऱ्यात साठ हा आकडा नेहमी स्थिर असे. त्या रात्री तो पंचविसावर आला आणि तेथेच अडखळत राहिला. चेंडू एका जागी दिसे आणि असे दुसऱ्या जागी. मुलगा हवेत उडी घेई तोवर गोल झालेला असे. सलग पाच सामने ती जोडी हरली.

पहिला संशय इंटरनेटवर गेला, आणि तो स्वाभाविक होता. उन्हाळ्यात झाशीत वीज जाते-येते, तारा तापतात, आणि जे काही बिघडते ते बाहेरून बिघडते असे मानण्याची घराला सवय आहे. पण मुलाने एक साधी गोष्ट केली. पुण्यातील भावाशिवाय, इंटरनेट बंद ठेवून, सरावाचा खेळ एकट्यानेच खेळून पाहिला. तोही तसाच अडखळला. संदेश जाऊन येण्यास लागणारा वेळ आणि चित्र तयार होण्यास लागणारा वेळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि खेळणारी मुले या दोहोंनाही लॅग असेच म्हणत असल्यामुळे रोगाचे नावच मुळी दिशाभूल करते, हे त्याच्या ध्यानात आले.

दुसऱ्या दिवशी आरोप खेळावर आला. त्याच आठवड्यात खेळाची नवी आवृत्ती उतरली होती, आणि ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, हाही नवा बसला होता. आधी जे घडले ते नंतरच्याचे कारण, हा तर्क सर्वांत सुलभ आणि म्हणूनच सर्वांत फसवा आहे. मुलाने ड्रायव्हर जुना करून पाहिला. आकडा हलला नाही. मग त्याने चित्राची सूक्ष्मता कमी केली, सावल्या काढून टाकल्या, पडदा भुरकट करून घेतला. ग्राफिक्स कार्ड थकले असते तर त्याचे ओझे हलके होताच गती वाढावयास हवी होती. ती जेमतेम दोन फ्रेमनी वाढली. याचा अर्थ अडथळा चित्रे रंगविणाऱ्याकडे नव्हता, हिशेब करणाऱ्याकडे होता, म्हणजे प्रोसेसरकडे.

तिसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीवर खटला चालला. तिने दुपारी कार्टून पाहताना काहीबाही उतरवून घेतले आणि त्यातून व्हायरस आला, असा भावाचा दावा होता. ती रडली. आईने दोघांनाही रागे भरले. व्हायरसची तपासणी झाली, मागे चालणारे प्रोग्रॅम बंद झाले, वीज वाचविणारी योजना चुकून निवडली गेली नाही ना हे पाहून झाले. सारे यथास्थित होते. वडिलांनी संध्याकाळी इलाइट चौराह्याजवळच्या एका दुकानात विचारले तेव्हा, पाच वर्षांचे यंत्र म्हणजे म्हातारे झाले, नवे ग्राफिक्स कार्ड घाला, असा सल्ला मिळाला. वडिलांनी किंमत ऐकली आणि घरी येऊन निर्णय दिला की खेळ थांबला तर बरेच झाले, आता अभ्यास होईल.

त्या रात्री मुलाने हेडफोन काढून ठेवला होता. फ्रेमचे आकडे वहीत टिपण्यासाठी त्याला मोकळेपणा हवा होता, म्हणून भावाचा आवाज त्याने साध्या स्पीकरवर घेतला. उकाड्यामुळे दारही उघडे होते. आजोबा बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, आणि आतून आलेले शब्द त्यांच्या कानी पडले.

"अरे, तुझी गाडी मध्येच फ्रीझ होते. मी आज इथल्या मित्राबरोबर खेळू का? चालेल ना तुला?"

"दादा, दोन दिवस थांब ना. माझा कॉम्प्युटर अडकून राहिला आहे."

"अडकून राहिला नाही रे, अडकतोय म्हण."

"अडकतोय. दोन दिवसांत ठीक करतो मी. तू दुसऱ्यासोबत नको खेळू."

आजोबांनी पुस्तक मिटले. त्यांच्या प्रत्येक मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देणारा नातू दाराआड रोज एक तास मराठीत बोलत होता. ती मराठी हिंदीच्या साच्यात ओतलेली होती, पुण्याच्या मुलाला तीत चुका दिसत होत्या. पण ती होती. विनवणी करावी, अट घालावी, हक्क सांगावा एवढी ती पुरेशी होती. आणि आता तिची ती जागा दोन दिवसांच्या मुदतीवर आलेली होती.

आजोबा जे पुस्तक वाचत होते ते या घरात पिढीजात वाचले जाते: विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. वरसईचा हा भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाला, १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीच्या वेढ्याच्या काळात शहरातच होता. त्याचे लेखन १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केले ते बऱ्याच फेरफारांनिशी. मूळ पाठ वाचकांपुढे येण्यास १९६६ उजाडले, तो दत्तो वामन पोतदारांनी संपादिलेला. आजोबांकडे दोन्ही प्रती आहेत. निवृत्तीनंतर त्यांना लागलेला छंद म्हणजे या दोन प्रती शेजारी ठेवून वाचणे. त्यांचे मत असे की पहिल्या संपादकाने जे नीटनेटके केले त्यात वाचकाविषयीची कळकळ होती, परंतु जेथे लेखन ओबडधोबड वाटले तेथे ते ओबडधोबड का आहे हा प्रश्न आधी विचारावयास हवा होता. दोष दिसला की तो दुरुस्त करावा ही एक वृत्ती. दोष दिसला की तो खरोखर दोष आहे काय हे पाहावे ही दुसरी. फिटरच्या कामात ही दुसरी वृत्ती शिकावी लागते, कारण तेथे चुकीच्या दुरुस्तीची किंमत डबा रुळावरून उतरून मोजावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नातवाजवळ गेले आणि म्हणाले, "तुझी वही दाखव."

"कुछ नहीं, आजोबा, ऐसे ही लिखा है," तो म्हणाला. पण वही त्याने दिली.

वहीत आकडे होते, वेळ नव्हती. आजोबांनी चार रकाने आखून दिले: तारीख, घड्याळाची वेळ, खेळ सुरू होऊन किती मिनिटे झाली, आणि फ्रेम. चौथ्या आणि पाचव्या दिवशी मुलाने पहाटे सहा वाजता, दुपारी दोन वाजता आणि रात्री नऊ वाजता खेळून नोंदी केल्या. रकाने भरत गेले तसे आकड्यांना वळण दिसू लागले. पहाटे पहिली पंचवीस मिनिटे आकडा साठावर राही आणि मग घसरे. रात्री तो सातव्या-आठव्या मिनिटाला घसरे. दुपारी तीन मिनिटेही टिकत नसे. यंत्र अर्धा तास बंद ठेवून लावले की पुन्हा काही मिनिटे साठ. खेळाची आवृत्ती, ड्रायव्हर, व्हायरस यांपैकी कोणीही घड्याळ पाहून काम करीत नाही. घड्याळाबरोबर चढणारी आणि विश्रांतीने उतरणारी एकच गोष्ट त्या घरात होती, आणि ती म्हणजे ऊन.

झाशीचे ऊन हा काही नवा विषय नाही. खडकाळ बुंदेलखंडात दिवसभर तापलेला दगड रात्रभर निवत नाही. १८५८ च्या मे महिन्यात कोंचच्या लढाईत ह्यू रोजच्या फौजेतील कित्येक गोरे शिपाई गोळीने नव्हे, तर उन्हाने पडले. खुद्द सेनापतीलाही उष्म्याने घेरी आली. २०२४ च्या मेअखेरीस झाशीचा पारा ४९ अंशांच्या घरात गेला. अशा दिवसांत रात्री नऊ वाजताही घराच्या भिंतींना हात लावला तर चटका जाणवतो.

आजोबांनी उजव्या हाताची पालथी बाजू संगणकाच्या डब्यामागे नेली. गाडी स्थानकात आली की डब्याच्या अ‍ॅक्सल बॉक्सला हाताने स्पर्श करून बेअरिंग तापले आहे काय हे पाहण्याची रेल्वेत जुनी रीत होती. तळव्यापेक्षा पालथ्या हाताला उष्णता लवकर कळते, आणि चटका बसलाच तर हात आपोआप मागे येतो. संगणकाच्या मागील जाळीतून गरम वाऱ्याचा झोत यावयास हवा होता. वारा जवळजवळ नव्हता. पत्रा मात्र हात ठेववेना इतका तापलेला होता. आणि हात मागे नेतानाच त्यांच्या लक्षात आले की तो नेण्यास जागाच नाही. डबा भिंतीला टेकलेला होता.

"हे टेबल इथे कधी सरकवले?"

ते आठ-दहा दिवसांपूर्वी सरकले होते. खिडकीत कूलर बसविला तेव्हा जागा करण्यासाठी आजीनेच ते कोपऱ्यात लोटले होते, मुलाला खेळताना वाऱ्यात बसता यावे म्हणून. गेले पाच दिवस 'अलीकडे काय बदलले' या प्रश्नाचे उत्तर घरातील प्रत्येक जण संगणकाच्या आत शोधत होता. टेबलाची जागा बदलली ही गोष्ट कोणाच्याही यादीत नव्हती.

तरीही आजोबांनी लगेच निकाल दिला नाही. अनुमान आणि प्रमाण यांत अंतर असते. संगणकाच्या डब्याची एका बाजूची झडप उघडून त्यासमोर घरातील टेबलफॅन पूर्ण वेगाने लावावा आणि त्याच वेळी, त्याच उकाड्यात खेळून पाहावे, असे त्यांनी सुचविले. एक पैसाही खर्च न होणारी ही परीक्षा होती. मुलाने टास्क मॅनेजर उघडून ठेवला. झडप बंद असताना त्यात प्रोसेसरचा वेग दीड गिगाहर्ट्‌झच्याही खाली आलेला दिसत होता. त्याचा नेहमीचा वेग ३.६ होता. तापमान दाखविणाऱ्या दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये ९९ हा आकडा होता. पंखा लावल्यावर चौथ्या मिनिटाला तापमान ८५ वर आले, वेग ३.६ वर गेला, आणि कोपऱ्यात साठ हा आकडा पुन्हा दिसू लागला. बहीण टाळ्या वाजवू लागली. तिची निर्दोष सुटका झालेली होती.

येथे यंत्राचे वर्तन नीट समजून घेण्यासारखे आहे. प्रोसेसर म्हणजे नखाएवढी सिलिकॉनची चकती. तिच्यातून जाणाऱ्या विजेची अखेर उष्णताच होते. ती उष्णता वाहून नेण्यासाठी तिच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा हीटसिंक बसविलेला असतो आणि त्यावर पंखा. पण पंखा कितीही चांगला असला तरी त्याला खोलीतीलच हवा मिळते. जानेवारीत खोली पंधरा अंशांवर असते आणि मेमध्ये बेचाळीस. मधले सत्तावीस अंश जसेच्या तसे चकतीच्या तापमानात जाऊन मिळतात. पाच हिवाळे-उन्हाळे पात्यांत धूळ साठत गेली, तरी ती मर्यादेच्या आत होती. मर्यादा बहुतेक प्रोसेसरांत शंभर अंशांच्या आसपास असते. टेबल भिंतीला लागले, हवेची वाट अडली, त्याच आठवड्यात लू वाहू लागली, आणि ती मर्यादा गाठली गेली. उतरण पाच वर्षे चालू होती. कडा तेवढा एका रात्री आला. ज्याला सर्व जण अचानक म्हणत होते ते अचानक दिसले एवढेच.

आणि मर्यादा गाठल्यावर यंत्राने जे केले तो बिघाड नव्हता. शंभराच्या जवळ पोहोचताच प्रोसेसर आपण होऊन आपला वेग आणि विजेचा दाब कमी करतो, म्हणजे उष्णता कमी निर्माण व्हावी. हेही पुरले नाही तर तो स्वतःला संपूर्ण बंद करून घेतो. म्हणजे मंदावणे ही बंद पडण्याची पहिली पायरी नव्हे. बंद पडू नये म्हणून केलेली ती तजवीज आहे. आजोबांना हे समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. कडक उन्हात लोहमार्ग प्रसरण पावून वाकण्याचे भय असते, म्हणून मार्गावर गस्त वाढते आणि जरूर तेथे ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर मिळते. गाडी बैलगाडीच्या चालीने जाऊ लागते. डब्यातील उतारू इंजिनाला शिव्या देतात. इंजिन मात्र उत्तम असते. "तुझ्या कॉम्प्युटरला कॉशन मिळाला होता," ते नातवाला म्हणाले, "आणि आपण इंजिन बदलायला निघालो होतो."

रविवारी सकाळी साफसफाई झाली. वीज काढली, सुरू करण्याचे बटण दोन-चार वेळा दाबून आतील उरलेली वीज जाऊ दिली, पत्र्याला हात लावून अंगावरील स्थिरविद्युत उतरवली. हीटसिंकवरील पंखा सुटला तेव्हा त्याखाली धुळीचा नमदा निघाला. कूलरच्या ताट्यांतील गवताचे तंतू तीत विणल्यासारखे बसले होते. रंगाच्या मऊ ब्रशने आणि शेजाऱ्याकडून आणलेल्या ब्लोअरने पाती मोकळी केली. वाऱ्याने पंख्याची पाती भन्नाट फिरून बेअरिंग खराब होऊ नये म्हणून मुलाने ती एका बोटाने धरून ठेवली. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णतावाहक लेप वाळून चुन्यासारखा झाला होता. तो पुसून सदर बाजारातून आणलेल्या ट्यूबमधला नवा लेप तुरीच्या दाण्याएवढा लावला. लेपाचा थर जाड झाला तर तोच उष्णतेची वाट अडवितो, हे मुलाने वाचून ठेवले होते, आणि आजोबांना ते ग्रीससंबंधीच्या अनुभवाने ठाऊक होते. टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढले.

सारे जोडून खेळ लावला तेव्हा आकडा आला अठरा. पूर्वीपेक्षाही कमी.

घरात शांतता पसरली. वडिलांनी काही म्हटले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर इलाइट चौराहा दिसत होता. मुलाचे डोळे भरून आले. मुदत संपत आलेली होती. आजोबांनी मात्र विचारले, "तापमान किती आहे?" ते साठाच्याही खाली होते. वेग ३.६. म्हणजे पहिला रोग गेलेला होता, आणि ही दुसरीच गोष्ट होती. "जे काढले ते सगळे जिथल्या तिथे गेले का, ते पाहा." मुलगा टेबलामागे वाकला आणि काही वेळाने अंधारातून त्याचा आवाज आला. पडद्याची तार त्याने ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत लावण्याऐवजी मुख्य पटलाच्या तशाच दिसणाऱ्या खाचेत लावली होती. चित्रे रंगविणारे कार्ड रिकामे बसले होते आणि प्रोसेसरच दोन्ही कामे करीत होता. तार बदलली. साठ. पंधरा मिनिटे, अर्धा तास, तासभर साठ. तापमान अठ्ठ्याहत्तरच्या वर गेले नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातूनही दोष शिरतो, आणि तो मूळ दोषाच्या नावावर जमा होतो, हे वर्कशॉपमध्ये जितके खरे आहे तितकेच हस्तलिखितांच्या बाबतीतही खरे आहे.

त्या रात्री साडेआठला आतल्या खोलीचे दार लागले. आजोबा बाहेर बसले होते. हेडफोन परत कानावर गेल्यामुळे पुण्याचा आवाज आता ऐकू येत नव्हता. एकच बाजू ऐकू येत होती, आणि तीही तुटक. "दादा, मागे थांब. मी जाऊन राहिलो. मारला! पाहिलं का तू?" जाऊन राहिलो. मधली एखादी दुरुस्ती झाली असेल, नसेलही.

पावणेतीनशे वर्षांत या घराच्या मराठीवर किती ताप चढला असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. दरबार गेला, वृत्ती गेल्या, मराठी शिकविणारी शाळा जवळ राहिली नाही, सुना कानपूरच्या आणि लखनौच्या आल्या. प्रत्येक पिढीला वाटत आले की भाषा आपल्याच डोळ्यांदेखत अचानक ढासळली, आणि प्रत्येक पिढीने तिचा आरोप कोणावर तरी ठेवला: शाळेवर, सुनेवर, दूरदर्शनवर, खेळावर. ती जाऊन राहिलो असे म्हणू लागली, देवघर आणि पंगत यांपुरती उरली, प्रश्न मराठीत आणि उत्तर हिंदीत अशा पद्धतीने चालू लागली. पुण्याच्या कानाला ही चाल बिघाडासारखी वाटते. परंतु हीच तिची कॉशन ऑर्डर असेल, वेग सोडून देऊन तिने चालणे राखले असेल, असा विचार त्या रात्री आजोबांच्या मनात आला. अर्थात त्यामुळे धूळ झाडण्याची जबाबदारी टळत नाही, आणि टेबल भिंतीला कोणी लावले हा प्रश्नही उरतोच. नातू हिंदीत उत्तर देतो याचे त्यांना वाईट वाटत आले होते. पण गेल्या कित्येक वर्षांत आपण त्याला 'जेवलास का' आणि 'अभ्यास झाला का' यांपलीकडे काय विचारले, हे त्यांना आठवून पाहावे लागले.

साडेनऊला मुलगा बाहेर आला. तीन सामने जिंकले होते. पाणी पिता पिता तो म्हणाला, "आजोबा, रेल में सच में हाथ लगाकर देखते थे?"

"हो. पालथा हात. तळवा नाही."

"क्यों?"

आजोबांनी सांगितले. बेअरिंग कसे तापते, तापले की ग्रीसचा वास कसा येतो, रात्रीच्या गाडीला कंदील धरून डबे कसे तपासले जात, हे सारे त्यांनी सांगितले, आणि ते मराठीतच सांगितले. मुलगा मध्येच प्रश्न विचारी. एखादा हिंदीत, एखादा मराठीत. एकदा तो म्हणाला, "म्हणजे ते पण अडकून राहायचे?" आजोबांनी ते दुरुस्त केले नाही. "हो," ते म्हणाले, "कधी कधी."

झोपण्यापूर्वी त्यांनी मुलाची वही मागून घेतली. चार रकान्यांच्या खाली रेघ ओढली आणि वर्कशॉपमध्ये दुरुस्त होऊन निघालेल्या डब्यावर तारीख रंगवीत त्याप्रमाणे लिहिले: साफसफाई झाली, मे २०२४, पुढील, होळीनंतर लगेच, ऊन चढण्याच्या आत.